सिरोंचा : न झालेले बंदर आणि जुने फोटो

‘बंदर’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कोकणपट्टी येते. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला ही नावे आठवतात. अहेरी, आलापल्ली, सिरोंचा या मुलखाचा बंदराशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु नकाशा जरा नीट पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. वर्धा आणि वैनगंगा यांचे पाणी प्राणहितेत एकत्र येते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी सरळ पूर्व समुद्राला जाते. म्हणजे आपल्याला मुंबईच्या समुद्रापेक्षा आंध्रचा समुद्र जवळचा आहे, आणि तिकडे जाणारी पाण्याची वाट आपल्याच घाटाखालून जाते.

एकोणिसाव्या शतकात काही इंग्रज इंजिनियरांनी नकाशा असाच पाहिला होता. त्यांच्या मनातला बेत पुरा झाला असता तर सिरोंचा हे मध्य भारतातील एक मोठे नदीबंदर झाले असते. तसे ते झाले नाही. पण सुमारे दहा-बारा वर्षे सिरोंचा हे एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, आणि त्यामागे हा बंदराचाच बेत होता. ही हकिकत आपल्या तालुक्यातील फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ती येथे थोडक्यात सांगावयाची आहे. त्याचबरोबर दुसरा एक प्रश्न विचारावयाचा आहे : अशा गावाचा इतिहास लिहिताना घरोघरी पडून असलेले जुने फोटो कितपत उपयोगी पडतात, आणि ते वाचावेत कसे?

प्रथम हकिकत. सर आर्थर कॉटन हे मद्रासकडील इंजिनियर. त्यांचा जन्म १८०३ चा, मृत्यू १८९९ चा. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर त्यांनी जो बंधारा बांधला (१८४७ ते १८५२) त्याने गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशाचे रूप पालटले, आणि आजही तिकडचे शेतकरी त्यांचे नाव आदराने घेतात. कॉटन यांचे एक ठाम मत होते. हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा पाण्याच्या वाटा अधिक स्वस्त आणि अधिक उपयोगी पडतील, असे ते जन्मभर सांगत राहिले. कालव्याने शेतही भिजते आणि मालही वाहून नेता येतो, हा त्यांचा मुद्दा. त्याच विचाराने त्यांनी गोदावरीच्या वरच्या पात्राकडे पाहिले. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. तो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर लादून मुंबईला न्यायचा तर महिनेच्या महिने जात. त्याऐवजी वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेने तो होड्यांतून खाली सोडला तर काकिनाड्याच्या बंदरात उतरेल आणि तेथून जहाजाने मँचेस्टरला जाईल, असा हा बेत. कॅप्टन हेग या इंजिनियराने नदीची पाहणी केली आणि पुढे या कामाची धुराही त्याच्याकडेच आली.

या बेताला राजकीय बाजूही होती. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर (१८५४) चांदा इंग्रजांकडे आला. परंतु प्राणहितेच्या खालच्या अंगाला आणि गोदावरीच्या डाव्या काठाला निजामाचा अंमल होता. २६ डिसेंबर १८६० रोजी झालेल्या तहान्वये निजामाने डाव्या काठचे सहा तालुके इंग्रजांना दिले : राकापल्ली, भद्राचलम, चेर्ला, अल्बाका, नुगूर आणि सिरोंचा. बदल्यात नळदुर्ग, रायचूर दुआब हे मुलूख आणि सुरापूरचे संस्थान निजामाकडे गेले व पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. त्याच तहात एक कलम नदीसंबंधी होते. दोन राज्यांची सीमा असलेल्या या नद्यांवरून होणारी ये-जा मोकळी राहील, तीवर कोणीही जकात घेणार नाही, असे त्यात ठरले. जंगलातल्या नदीवर जकात नको असा आग्रह तहात धरला जातो, तेव्हा त्या नदीवरून काही मोठा माल जाणार अशी अपेक्षा असते, हे उघड आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या तहात आपल्या नदीचे नाव प्राणहिता असे नाही, वैनगंगा असे आहे. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत कोठे वैनगंगा, कोठे वर्धा, कोठे प्राणहिता असा घोळ आढळतो. गावांच्या नावांचे स्पेलिंगही दर कागदागणिक बदलते. तेव्हा केवळ ‘प्राणहिता’ या नावाखाली शोधू गेल्यास निम्मे कागद हातचे जातील.

तहानंतर या सहा तालुक्यांचा मिळून ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला व हा जिल्हा त्यात मोडू लागला. तेथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याने १८६२ साली बस्तर संस्थानावर अहवाल लिहिला. बस्तरच्या अभ्यासकांना तो आजही पाहावा लागतो. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल (१८६२ ते १८६७) यांनीही गोदावरीच्या या कामाला जोराचा पाठिंबा दिला. काळही अनुकूल होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

मात्र नदी माणसाच्या बेताप्रमाणे वाहत नाही. कापसाच्या मुलखातून समुद्राकडे येताना पात्रात तीन ठिकाणी खडकांच्या रांगा आडव्या येत. इंग्रजी अहवालांत त्यांना ‘बॅरियर’ म्हटले आहे. त्यांची मोजणी समुद्राकडून करीत. पहिला अडसर भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या किंचित खाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. होय, आपल्या अहेरी तालुक्यातली देवलमरी. चुनखडकाच्या खाणीच्या निमित्ताने या गावाचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत येते; पण दीडशे वर्षांपूर्वी हे नाव लंडनमधल्या कागदांवरही लिहिले जात होते, ही गोष्ट आपल्याला सांगितली गेली नाही.

या अडसरांवर उपाय असा योजला होता की, खडकांच्या जागी बंधारा घालावयाचा आणि बाजूने कालवा खणून त्यात दरवाजे बसवावयाचे. होडी कालव्यात शिरली की मागचा दरवाजा बंद करून पाणी चढवावयाचे किंवा उतरवावयाचे, आणि होडी वरच्या अगर खालच्या पातळीवर नेऊन सोडावयाची. दुम्मागुडेमला हे काम सर्वांत पुढे गेले. तेथला कॉटनचा बंधारा आजही उभा आहे. अडसरांच्या मधल्या लांब पट्ट्यांत पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ उथळ तळाच्या होड्या व वाफेच्या बोटी चालू शकत. उन्हाळ्यात मात्र पात्रात वाळू आणि डोहच उरत. त्यात जंगलातला हिवताप. मजूर टिकत नसत, अधिकारीही आजारी पडत. दरम्यान १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला आता वर्षातून चार महिने चालणाऱ्या नदीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. अमेरिकेतले युद्ध तर केव्हाच संपले होते. अखेर १८७१ साली गोदावरीचे काम सरकारने थांबविले. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडला. भद्राचलम आणि राकापल्ली मद्रास इलाख्यात गेले, बाकीचा भाग सिरोंचा तहसील म्हणून चांदा जिल्ह्याला जोडला. पुढे १९०९ साली नुगूर, अल्बाका आणि चेर्ला हेही मद्रासकडे गेले. जिल्ह्याचे ठाणे असलेले गाव पुन्हा तहसिलीचे गाव झाले ते आजतागायत.

हा बेत फसला याबद्दल हळहळ वाटण्याचे काही कारण आहे काय? मला स्वतःला तसे वाटत नाही. कापूस खाली गेला असता आणि मँचेस्टरचे कापड त्याच होड्यांतून वर आले असते. आपल्या विणकरांचे त्यात भले झाले नसते. शिवाय या नदीकाठच्या माणसांना कोणी काही विचारले होते, असे अहवालांच्या भाषेवरून दिसत नाही. याच प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे २९ एप्रिल १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांच्या लोकांनी तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला होता. गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे कर्मचारी त्यात मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याला फाशी झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी वरील तह झाला. नदीवरच्या अहवालांत कापसाचे भाव असतात, पाण्याची खोली असते, खडकांची मोजमापे असतात. काठावरची माणसे तेथे बहुधा मजुरांची संख्या म्हणून येतात.

नेमक्या याच ठिकाणी फोटोंचा विचार करावासा वाटतो. कारण कागदात जी माणसे आकडा होतात, त्यांचा निदान चेहरा तरी फोटोत सापडेल, अशी आपली अपेक्षा असते. ती कितपत खरी ठरते, हे पाहण्यासाठी एका खऱ्याखुऱ्या बंदराचे उदाहरण घेऊ.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, एस्क नदीच्या मुखाशी व्हिटबी नावाचे लहानसे बंदर आहे. कॅप्टन कुकचे ‘एन्डेव्हर’ हे जहाज या गावात बांधले गेले. देवमाशांच्या शिकारीसाठी येथून गलबते उत्तरेकडे जात. असे असूनही व्हिटबीचे नाव आज जगभर माहीत आहे ते बऱ्याच अंशी एका फोटोग्राफरमुळे. फ्रँक मेडो सटक्लिफ (१८५३ ते १९४१) याचा व्हिटबीत स्टुडिओ होता. उन्हाळ्यात हवा खाण्यास येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढून तो पोट भरी आणि उरलेल्या वेळात धक्क्यावर जाऊन कोळ्यांचे, जाळी सांधणाऱ्या बायांचे, होड्यांचे, गल्ल्यांचे फोटो घेई. १८८६ साली त्याने पाण्यात खेळणाऱ्या उघड्या पोरांचा एक फोटो काढला. त्याचे नाव ‘वॉटर रॅट्स’. गावातले पाद्री त्यावर रागावले. इंग्लंडच्या युवराजाने मात्र त्याची मोठी प्रत विकत घेतली. म्हातारपणी, स्टुडिओ विकल्यानंतर, हाच माणूस गावच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक झाला. ते संग्रहालय १८२३ साली स्थापन झालेल्या तेथील साहित्य आणि शास्त्र मंडळाचे आहे. एका लहान गावात असे मंडळ दोनशे वर्षे टिकते, ही गोष्ट मला त्या फोटोंइतकीच महत्त्वाची वाटते. फोटो काढणारे सगळीकडे होते. फोटो आणि त्यातल्या माणसांची नावे जपणारे सगळीकडे नव्हते.

तथापि सटक्लिफच्या फोटोंनाही आंधळेपणाने सत्य मानता येत नाही. त्याचे कोळी निवांत उभे असतात, त्यांच्यामागे सुंदर धुके असते. वादळात बुडालेल्या होड्या, कर्ज, थंडीत कुडकुडणारी घरे यांची छटा त्यात क्वचितच येते. गिऱ्हाइकाला भिंतीवर लावता येईल असा फोटो हवा असे, आणि फोटोग्राफरला दोन घास हवे असत. जुना फोटो हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारावा : हा कोणी, कोणासाठी काढला?

दुसरा प्रश्न तंत्राचा आहे आणि तो आपल्या विषयाला थेट भिडतो. सिरोंचा जिल्ह्याचे ठाणे होते तो काळ १८६० ते १८७४ चा. त्या काळी फोटो ‘ओल्या काचे’च्या पद्धतीने काढीत. ही पद्धत १८५१ साली इंग्लंडात निघाली. काचेवर रसायन ओतावयाचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वीच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावयाची. चांद्याच्या मे महिन्यात काच किती लवकर वाळत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. फोटोग्राफरबरोबर काचा, बाटल्या, तंबू आणि हे सारे वाहणारी माणसे लागत. आणि मुख्य म्हणजे उघड्यावरच्या फोटोलाही काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जो हलला तो पुसट झाला, जो चालत गेला तो फोटोत आलाच नाही. वाहते पाणी दुधासारखे दिसते. म्हणून त्या काळच्या धक्क्यांचे आणि बाजारांचे कित्येक फोटो ओसाड वाटतात. धक्का ओसाड नसतो. काम करणारी माणसे हलत असतात आणि काम न करणारा साहेब स्थिर उभा असतो. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा प्रचारात आल्यावर हे बदलले, पण तोवर सिरोंच्याचे दिवस सरले होते.

फोटोची विद्या मराठी माणसाला तेव्हा परकी होती असे मात्र नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तेव्हाचे नामांकित फोटोग्राफर होते. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गात शिकले आणि त्यांनी मुंबईत आपला स्टुडिओ थाटला. परंतु मुंबईचा स्टुडिओ आणि प्राणहितेचा घाट यांत अंतर फार. आपल्यासारख्या मुलखात कॅमेरा आला तो बहुधा सरकारी कामानिमित्त किंवा ‘जाती-जमातींचे नमुने’ गोळा करण्यासाठी. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत देशभरच्या लोकांचे फोटो आहेत आणि खाली बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव नसून जातीचे नाव आहे. व्हिटबीच्या कोळ्याला त्याचा फोटोग्राफर नावाने हाक मारीत असे. येथे हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या काळात स्थिती काहीशी सुधारली. ग्रिगसन यांचे ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ हे पुस्तक १९३८ साली निघाले, त्यात फोटो आहेत. प्राणहितेच्या पलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० नंतरच्या दशकात मारलवाई येथे गोंडांमध्ये राहिले आणि त्यांनी पुष्कळ फोटो काढले. ते संग्रह लंडनला आहेत. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे सोयऱ्याधायऱ्यांची, त्यामुळे त्या फोटोंत आपल्याही कोणाचे आजोबा असणे अशक्य नाही. ज्यांना पुढे संशोधन करावयाचे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण लंडन दूर आहे. आपल्या हाताशी जे आहे ते घरातल्या ट्रंकेत आहे. तेव्हा आता घरच्या फोटोंकडे वळू.

फोटोची तारीख पुष्कळदा त्याच्या कागदावरूनच अदमासाने सांगता येते. अगदी पातळ, पिवळसर-तपकिरी कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर फोटो बहुधा एकोणिसाव्या शतकातला. काळा-पांढरा, जाडसर कागदावरचा, कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का असलेला फोटो विसाव्या शतकातला. छोटा चौकोनी, कडा दातेरी कापलेल्या, असा असेल तर तो १९४० ते १९६० च्या आसपासचा धरावा. रंगीत असून लालसर पडला असेल तर १९७० अगर १९८० नंतरचा. हे ठोकताळे आहेत. त्यांना कपडे, केशरचना, मागचा पडदा यांची जोड द्यावी लागते. स्टुडिओतल्या पडद्यावर महाल आणि कारंजी रंगवलेली असत, आणि हातातली छत्री किंवा मनगटावरचे घड्याळ कित्येकदा स्टुडिओवाल्याचेच असे. आजोबा श्रीमंत होते असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

नदीचा फोटो असेल तर आणखी बारकाईने पाहावे. पाणी किती आहे, वाळूचा पट्टा कोठे आहे, यावरून महिना कळतो. होडी अखंड लाकूड कोरून केलेला डोंगा आहे की फळ्या जोडून केलेली नाव आहे, हे पाहावे. सागाचे लठ्ठे दिसत असतील तर त्यांच्या तोंडावर वनखात्याच्या हॅमरची खूण आहे का, हे भिंगातून पाहावे. सिरोंच्यापाशी प्राणहिता दक्षिणेकडे वाहते आणि गाव डाव्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर आहे. त्यामुळे पाण्यापलीकडे सूर्य मावळताना दिसत असेल तर फोटो आपल्या काठावरून काढलेला, उगवताना असेल तर पलीकडून. येथे एक सावधगिरी आहे. काच उलटी ठेवून छापली की उजवे डावे होते आणि एका काठाचा फोटो दुसऱ्या काठाचा वाटतो. फोटोत माणूस असेल तर त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या कोणत्या बाजूला आहेत, पाटीवरची अक्षरे सरळ आहेत का, हे पाहिले म्हणजे ही चूक उघडी पडते.

आणि फोटोची पाठ विसरू नये. बरेचदा खरा इतिहास तेथेच असतो. सिरोंच्याकडे घरोघरी तेलुगू बोलतात. पाठीवरची नावे तेलुगू लिपीत असू शकतात. निजामाच्या अमलातले कागद फारसी-उर्दूत, नागपूरकर भोसल्यांचे मोडीत, इंग्रजांचे इंग्रजीत. एका तालुक्याच्या इतिहासाला इतक्या लिप्या लागतात, असे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी घडत असेल. एकट्या मराठीच्या किंवा एकट्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे काम झेपणार नाही. आपल्या वर्गात तेलुगू वाचणारे मित्र-मैत्रिणी आहेत, गोंडी आणि माडिया बोलणारे आहेत. त्यांची येथे खरी गरज आहे.

हे काम निकडीचे आहे. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेला मोठा पूर आला, सिरोंचा तालुक्यातल्या काठच्या गावांत पाणी शिरले. पुरात माणूस पोरेबाळे, गुरे आणि धान्य वाचवितो. फोटोंची ट्रंक वाचवीत नाही, आणि ते योग्यच आहे. ओल आणि वाळवी बाकीचे काम करतात. दुसरीकडे नदीचे रूपही बदलते आहे. संगमाच्या खाली मेडीगड्डा येथे तेलंगणाने बांधलेल्या बंधाऱ्याचे २०१९ साली उद्घाटन झाले. त्याच्या फुगवट्याने आपल्या काठच्या शेतकऱ्यांची जमीन गेली, त्यासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांबच खचले. इंचमपल्लीचे नावही अधूनमधून परत येते : १९८० नंतर तेथे आणि भोपालपट्टणमला मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते, तेव्हा १९८४ साली बाबा आमटे आणि आदिवासी पुढाऱ्यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभारले. ज्या खडकांपाशी कॉटनचे लोक अडले, त्याच खडकांपाशी पुढचे इंजिनियरही येतात. बंधाऱ्यापूर्वी काठ कसा होता, शेत कोठवर होते, घाटाच्या किती पायऱ्या उघड्या असत, हे सांगणारा एखादा लग्नातला किंवा पुष्करमेळ्यातला फोटो उद्या पुरावा म्हणूनही लागेल. सातबारावर क्षेत्र लिहिलेले असते, पण बांधावरचे मोहाचे झाड लिहिलेले असतेच असे नाही.

पूल झाल्यापासून नावाडीही कमी झाले. सिरोंच्याहून कालेश्वरला किंवा अहेरीकडून वांगेपल्लीच्या घाटाने पलीकडे जाण्यासाठी पूर्वी नावेशिवाय वाट नव्हती. आपल्या आईवडिलांच्या पिढीने तो प्रवास केला आहे. न झालेल्या बंदराचे खरे वारसदार हे ढीवर-भोई नावाडी होत. त्यांना नदीचे डोह, धारा, खडक यांची जी नावे ठाऊक आहेत ती कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. फोटो दाखवून त्यांना बोलते करावे. नुसते “जुने काही सांगा” म्हटले तर माणूस दोन वाक्यांत थांबतो. हातात फोटो दिला की तो बोट ठेवून बोलू लागतो, हा अनुभव अनेकांना असेल.

गोळा करताना काही पथ्ये पाळावीत. फोटो मालकाकडून मागून आणू नये. आणलेला फोटो परत जात नाही, हे आपण सारे जाणतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो अल्बममधून न उपटता, सावलीत, वरून सरळ धरून त्याची पुढची आणि पाठची प्रत घ्यावी व मूळ त्यांच्याच घरी ठेवावे. चिकटलेला फोटो ओढू नये. पाठीवर लिहिण्याची वेळ आली तर मऊ पेन्सिलीने कडेला लिहावे, बॉलपेनने कधीही नाही, कारण त्याची रेघ पुढून उमटते. फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून घ्यावीत, आणि ती ज्यांनी सांगितली त्यांचे नाव व तारीखही लिहावी. बायकांची नावे मुद्दाम विचारावीत. ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर समाधान मानू नये. घरच्यांनी नको म्हटलेला फोटो छापू नये.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारील तर देवलमरीपासून करावी, असे मी म्हणेन. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरते आणि पात्रातले खडक उघडे पडतात. काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्यावे, खडकांची नावे विचारावीत, आणि गावात नदीचा एखादा जुना फोटो निघाला तर ज्या जागेवरून तो काढला त्याच जागी उभे राहून तशाच अंगाने नवा फोटो घ्यावा. दोन्ही प्रती एकत्र ठेवून पाठीवर गाव, महिना, वर्ष आणि पाणी कोणत्या खडकापर्यंत होते ते लिहून ठेवावे. पुढच्या अंकासाठी अशा दहा जोड्या जमल्या तरी पुष्कळ झाले.